गमबूट जोडीची सही

सीडर फोर्ड, ओरेगन
सोमवार, १९ ऑक्टोबर २०१५

प्रिय मार्नी,

तुला, टॉडला आणि दोन्ही पोरींना माझं खूप प्रेम. बॉयझीत बर्फ पडायला लागलं का? इथे आपला पाऊस, रोजचाच. तुझ्या आईच्या छपराची पन्हळ तुंबली होती, ती ग्लेनने शिडी लावून मोकळी करून दिली. पायऱ्यांवर मी दोन भोपळे आणून ठेवलेत. घर बंद दिसलं की लोक नाही नाही ते बोलतात.

बिस्किट मजेत आहे. मी रोज जाऊन तिला खायला घालते. ग्लेन कुंपणापलीकडून ओरडतो, "मॅक्सीन, मांजर पाळलीय का डुक्कर?" त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. बायको गेल्यापासून त्याला बोलायला कुणीतरी लागतं.

बरं, तू सांगितलेलं काम. फोनवर तू म्हणालीस ते मी कागदावर टिपून घेतलंय: त्या गुरुवारी काय झालं ते माझ्या शब्दांत, एका पानात, आणि वर्नाच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, आठवणीविषयी मला काय वाटतं तेही. शनिवारी तू येणार, आईला घेऊन बॉयझीला जाणार, सोमवारी तिथल्या वृद्धाश्रमाच्या कागदांवर सह्या करणार, आणि मग ती त्यांच्या कुलूपवाल्या विभागात राहणार. तिचं घर उन्हाळ्याआधी विकायचं. आणि मी लिहिलेलं हे पान त्या कागदांना जोडायचं. बरोबर ना? एकतीस वर्षं लोकांची पत्रं दारोदार वाटली, पण स्वतः लिहायचं म्हटलं की घाम फुटतो.

तुला आमचा खेळ ठाऊक आहे, पण तिथल्या बाईंना नसेल म्हणून लिहिते. कुणीतरी रानात, बागेत, पुलाखाली एक डबी लपवतं आणि ती जागा नकाशाच्या आकड्यांत इंटरनेटवर टाकतं. ते आकडे हातातल्या जीपीएसवर घालून बाकीच्यांनी ती शोधायची. आत एक चिमुकली वही असते. तीत नाव, तारीख, वेळ लिहायची आणि डबी होती तिथे, होती तशी ठेवून यायची. बस. बक्षीस नाही, काही नाही. आम्ही दोघींनी अकरा वर्षांत तेराशे सात डब्या शोधल्या. नावं वेगवेगळी लिहीत नाही. दोघींचं मिळून एकच नाव, 'गमबूट जोडी'. तुझ्या आईला मधलं दिसेनासं होऊन नुसतं कडेचं दिसायला लागल्यापासून आकडे मी वाचते आणि ढोलीत हात ती घालते. जीपीएस आणतो डबीपासून दहा पावलांवर, पुढे बोटांचं काम. तिची बोटं माझ्या डोळ्यांपेक्षा हुशार आहेत.

तर गुरुवारी, १ ऑक्टोबरला, सकाळी साडेदहाला आम्ही ससाणा कड्याच्या वाटेला लागलो. वाट गोल आहे. पार्किंगपासून ओढ्याकाठच्या बाकापर्यंत सपाट, मग उभा चढ, वर कडा, आणि कड्याच्या अंगाने दुसऱ्या वाटेने परत पार्किंग. कड्यावर डबी सापडली. वहीत सही केली, अकरा चाळीस. ती सही शेरीफच्या पोलिसांनीही पाहिलीय. उतरताना तुझी आई मागे होती. मी वळून पाहिलं तर नव्हती. शोधलं, हाका मारल्या आणि साडेचारला फोन केला. पुढचं तुला माहीत आहे. शनिवारी दुपारी ती ओढ्याच्या पात्रात सापडली, मनगट आणि घोटा मोडलेला, अंगात ताप. कड्यावरून ती तिथे कशी पोचली ते कुणालाच कळेना. डॉक्टर म्हणाले, भ्रम झालेली माणसं अशीच कुठल्या कुठे चालत जातात. तिनेही सांगितलं की मीच भटकले.

तिच्या आठवणीविषयी काय लिहू? वय झालंय. वय कुणाचं होत नाही? याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि एक पान झालंच आहे.

तू पाठवलेली फुलं मिळाली. "मावशी, तू नसतीस तर आई गेली असती," असं त्या कार्डावर लिहिलंयस. कार्ड मी ड्रॉवरमध्ये ठेवलंय. शनिवारी जेवायला थांब, भोपळ्याचं सूप करीन.

तुझीच,
मॅक्सीन मावशी
(गमबूट जोडीतली डावी)


सीडर फोर्ड
मंगळवार, २० ऑक्टोबर

मार्नी पोरी,

कालचं पत्र फाडून टाक.

हे तुला आधी मिळेल. तेवढं मला कळतं. कालचं साध्या टपालाने गेलंय, ते गुरुवारी पोचेल. हे मी एक्सप्रेसने पाठवतेय, उद्या दुपारी पोस्टमन दारात सही मागेल. कालचं आलं की फोडूसुद्धा नकोस. बॉयझीच्या त्या बाईंना द्यायचं पान हे आहे. एका पानात बसणार नाही, पण त्यांनी चालवून घ्यावं.

फोन का नाही केला म्हणशील. सकाळपासून तीनदा उचलला. तुझं "हॅलो मावशी" कानावर आलं की मी हवापाण्यावर बोलेन, पोरींच्या शाळेचं विचारीन आणि ठेवून देईन. मी स्वतःला ओळखते. मी भित्री बाई आहे. एकाहत्तर वर्षं ते कुणाला कळू दिलं नाही, एवढाच माझा पराक्रम.

काल पत्र पेटीत टाकलं आणि तशीच तुझ्या आईकडे गेले. हाडं जुळेपर्यंत तिला जिथे ठेवलंय ना, तिथे. ती खिडकीपाशी खुर्चीत होती. मी दारातून दोन पावलं टाकली नाहीत तोच म्हणाली, "ये. आज उजवा पाय घासत चालतेयस. गुडघा का कंबर?"

"दोन्ही. तुझी जीभ काही मोडली नाही पडताना."

"तिला हाड नसतं म्हणून वाचली." मग आवाज खाली आणला. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"ठरल्यासारखं?"

"ठरल्यासारखं."

"मग झालं तर. आता तोंड शिवून टाक. तुझं गाडीचं लायसन्स काढून घेतलं तर कुणाचंच भलं नाही. त्यापेक्षा एकीचं तरी चालू दे."

"आणि तू तिकडे कुलपात?"

"मला काय गं, मला भिंत दिसते कुठे!" असं म्हणून ती हसली. शेजारच्या खाटेवरची म्हातारीही हसली.

तेवढ्यात तिथली मुलगी कागद घेऊन आली. रोज येते म्हणे. विचारते, वर्ना, आज वार कोणता, साल कोणतं. तुझी आई म्हणाली, "का गं, तुला माहीत नाही म्हणून विचारतेस? सोमवार. साल तुझ्या कागदावर वर डाव्या कोपऱ्यात असेल, चष्मा लावून बघ." त्या मुलीने कागदावर काहीतरी लिहिलं. मी पाठीमागून वाचलं. 'चिडचिड', असं लिहिलं होतं.

मुलगी गेली आणि मग माझं लक्ष तुझ्या आईच्या हाताकडे गेलं. चांगला हात खिडकीच्या चौकटीवरून फिरत होता. डबी शोधताना तिची बोटं फिरतात ना, अगदी तशी, खालून वर, कडेकडेने. ती खिडकी चार बोटं सरकते. पुढे अडसर ठोकलाय. त्या चार बोटांच्या फटीत ती हात घालायची, काढायची, पुन्हा घालायची. मग म्हणाली, "मॅक्सीन, तिकडच्या खिडक्या उघडतात का गं? मार्नी काही बोलली का?"

एवढंच विचारलं. पण आवाज इतका लहान होता, मार्नी. एकोणपन्नास वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. तुझे वडील गेले तेव्हा नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता सुधारणा नाही असं सांगितलं तेव्हाही नाही. तुझी आई घाबरलीय. काहीतरी पुटपुटून बाहेर आले आणि पिकअपमध्ये नुसती बसून राहिले, किल्ली न लावता.

तर आता खरं लिहिते.

तुझी आई त्या दिवशी कड्यावर गेलीच नव्हती.

बाकापाशी पोचलो तेव्हा तिची कंबर भरून आली होती. पुढे उभा चढ. ती म्हणाली, "मी इथे बसते. तू जा आणि जोडीची सही ठोकून ये. वीस मिनिटांत नाही आलीस तर तुझ्या वाटणीची कॉफी मी पिणार." रानात आईला एकटं सोडणार नाही, असा तुला शब्द दिला होता, तो मला तेव्हा आठवत होता. वीस मिनिटांनी काय बिघडतंय, म्हणून गेले. ही माझी पहिली चूक. ती कबूल करायला एवढी भीती वाटली नसती.

वर डबी लगेच सापडली, दगडाच्या खाचेत. वही काढली आणि लिहिलं, 'गमबूट जोडी, ११:४०'. आमची पद्धतच ती. एकीने सही केली की दोघी आल्या. तुझी आई वर्षभर बऱ्याच चढांना खाली थांबायची आणि मी दोघींची सही करून यायची, त्यात आम्हाला कधी काही खोटं वाटलं नाही. मग झाकण लावलं, डबी जागेवर ठेवली आणि उठले.

आणि मी दुसऱ्या वाटेने उतरले. कड्याच्या अंगाने थेट पार्किंगला. पिकअप सुरू केला आणि घरी आले. सूप गरम करून प्यायले. रेडिओ लावला. खिडकीत बसून तासभर कोडं सोडवलं. मी मजेत होते, मार्नी. कुठे काही टोचत नव्हतं, काही राहिलंय असं वाटत नव्हतं. मला भीती वाटते ती याचीच. टोचलं असतं तर मी माणूस म्हणून अजून ठीक आहे असं म्हणता आलं असतं.

सव्वातीनला पाठीवरची पिशवी रिकामी करायला घेतली. डब्यात दोन सँडविच होती, अंड्याची. एकाला मस्टर्ड लावलेलं. मी मस्टर्ड खात नाही. हे कुणाचं सँडविच, म्हणून मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. मग आठवलं, आणि डबा तसाच उघडा टाकून किल्ल्या उचलल्या.

मी तिला सोडून आले नव्हते. मी तिला विसरले होते.

चाळीस मिनिटांचा रस्ता कसा कापला ते देवाला ठाऊक. बाकावर ती नव्हती. थर्मास होता. माझा कप भरून, वर बशीसारखं झाकण ठेवून, बाकाच्या माझ्या बाजूला ठेवलेला होता. प्यायली नव्हती ती माझी कॉफी. मी हाका मारल्या. ओढा फुगला होता, माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग मी काय केलं ते वाच. मी तो कप ओतला, थर्मास उचलला आणि पिकअपच्या सीटखाली सरकवला. मग फोन केला. थर्मास अजून तिथेच आहे. धुवायला हात होत नाही.

शेरीफच्या कचेरीतून एक बाई आल्या, तुझ्याच वयाच्या, शांत बोलणाऱ्या. "शेवटचं कुठे पाहिलंत त्यांना?" खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग इतका वेळ तुम्ही कुठे होतात? आणि उत्तर काय, घरी सूप पीत होते? भीतीने माझी गाळण उडाली होती. तोंडातून निघून गेलं, "वर, डबीपाशी. उतरताना मागे राहिली." पाऊण तासात त्यांची माणसं वर गेली, डबी शोधली, वही उघडली. त्या बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दोघींची सही आहे. हे फार बरं झालं. आता आम्हाला कुठे शोधायचं ते कळलं."

जवळजवळ दोन दिवस, मार्नी. चाळीस माणसं, तीन कुत्री, सगळे कड्याच्या पलीकडच्या उतारावर. तुझी आई बाकापासून तीनशे पावलांवर होती. शुक्रवारी मी दोनदा त्या बाईंकडे गेले, सांगायचंच म्हणून. दोनदा त्यांनी माझ्या हातात गरम कॉफीचा पेला दिला, आणि दोनदा मी तो घेऊन परत आले. त्याच दुपारी तू बॉयझीहून येऊन माझ्या गळ्यात पडून रडलीस. तेव्हा तरी बोलायचं. तेव्हाही मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

शनिवारी एक कुत्रा मालकाला ओढत पाणी प्यायला ओढ्यावर गेला, म्हणून ती सापडली. एका कुत्र्याला तहान लागली म्हणून तुझी आई जिवंत आहे. माझ्यामुळे नाही. ते कार्ड परत घे.

आणि ती भटकली नव्हती. तिने मला हॉस्पिटलात सांगितलंय, शब्दन् शब्द लिहिते. दोन तास तिने वाट पाहिली. हाका मारल्या, शिट्टी वाजवली. मग तिला वाटलं, मॅक्सीन वर पडली असणार, पाय मोडून घेतला असणार. "चढायला मला जमलं नसतं," म्हणाली, "म्हटलं, ओढ्याच्या आवाजाच्या कडेने खाली गेले तर रस्ता लागेल, कुणाला तरी हाक मारून तुझ्याकडे पाठवता येईल." सगळं नीट ठरवून निघाली होती. काठ ढासळला आणि पडली. माझ्या मदतीसाठी निघाली होती ती, आणि मी घरी कोडं सोडवत होते. हिला भ्रम झालाय म्हणतात. कड्यावरून ओढ्यात कशी गेली म्हणून सगळे बुचकळ्यात पडले, पण ती कड्यावर नव्हतीच, हे सांगणारी एकटी मी, आणि मी गप्प बसले.

तिला वर काढलं तेव्हा तिचे दात वाजत होते. त्या बाई वाकून म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीने सांगितलं, कड्यावरून उतरताना तुम्ही मागे राहिलात." मी शेजारीच उभी होते. वर्नाने मान माझ्या दिशेला वळवली. तिला माझा चेहरा दिसत नाही, कडेची सावली तेवढी दिसते. मग म्हणाली, "हो. मीच भटकले."

रात्री तू कॉफी आणायला खाली गेलीस तेव्हा तिने विचारलं, "हे किती दिवस चाललंय, मॅक्सीन?"

"काय चाललंय?"

"मी आंधळी होतेय. खुळी नाही."

तिला ऑगस्टपासून माहीत होतं. गिरणीच्या बागेत, पुलाखालच्या डबीला आम्ही गेलो होतो. तिने दगडाच्या फटीत हात घातला आणि म्हणाली, "अगं, हा कोपरा मला ओळखीचा लागतोय. आपण इथे येऊन गेलोय." मी म्हटलं, काहीतरीच काय. वही उघडली. आणि मागच्याच पानावर माझ्या अक्षरात 'गमबूट जोडी', नऊ दिवसांपूर्वीची तारीख, दुपारी सव्वादोन. माझंच अक्षर, माझाच तो वाकडा ट. आणि मला काही, काही म्हणजे काहीच आठवेना. पाचावर धारण बसली माझी. पान उलटलं आणि पुढच्या कोऱ्या पानावर पुन्हा सही केली. वाटलं, हिला थोडंच वाचता येतंय. तिने डबी हातात घेतली, बंद केली, जागेवर ठेवली आणि म्हणाली, "चल, भूक लागली." तेव्हापासून प्रत्येक ढोलीशी ती माझ्याआधी जागा सांगायची आणि मी समजायचे, हिची बोटं चपळ झालीत. ती मला सांभाळत होती.

दुसरंही आहे. ज्या वाटेने एकतीस वर्षं टपाल वाटलं तिथे सप्टेंबरात मी चुकले आणि एका परक्या दारात जाऊन पत्ता विचारला. आणि बिस्किट लठ्ठ झालीय ती का, तर मी दिवसातून चारदा जाऊन तिला खायला घालते. ग्लेनने काल दुपारी मोजलं, मग हळूच विचारलं, "मॅक्सीन, आज सकाळी आली होतीस ते आठवतं का गं?" मी त्याच्यावर खेकसले. घरी येऊन दाराला कडी लावून रडले.

माझ्या आईचं असंच झालं होतं. तू लहान होतीस. शेवटच्या वर्षी ती मला पोस्टाची बाई समजायची. मी युनिफॉर्म घालून भेटायला जायची, कारण निदान त्या बाईशी ती नीट बोलायची. मला त्या खुर्चीत बसायचं नाही. मला फार भीती वाटते, मार्नी. पण काल संध्याकाळी बसून विचार केला. माझ्या भीतीसाठी वर्नाने खिडकी का घालवायची? ती म्हणते म्हणून? ती काय, ती म्हणेलच. उजवा बूट पहिल्यापासून तसाच आहे, डावा चिखलात रुतला की आपण आत उतरायचं.

मी लिहितेय हे तिला माहीत नाही. कळल्यावर ती मला सोलून काढेल. काढू दे.

आता तू काय करायचंस ते. सोमवारी सही करू नकोस. घोटा जुळला की तिला तिच्या घरी आण. तिच्या पोर्चपासून टपालपेटीपर्यंत मी दोरी बांधून दिलीय, ती पक्की आहे. आठवड्यातून चार दिवस कुणीतरी बाई लाव, ग्लेन शेजारी आहेच. तिचं डोकं माझ्या-तुझ्यापेक्षा शाबूत आहे. कुलूप कुणाला लागणारच असेल तर ते मला लागेल, तिला नाही.

सकाळी पिकअपच्या किल्ल्या ग्लेनच्या हातात दिल्या. का, ते सांगितलं. त्याने त्या खिशात टाकल्या. हे पत्र पोस्टात टाकायला तोच नेणार आहे, आणि तिथून शेरीफच्या कचेरीत. त्या बाईंना हेच सगळं तोंडाने सांगायचंय. परवा, गुरुवारी, डॉक्टरांकडे. ती वेळ मी दोनदा घेऊन दोनदा मोडली होती. या वेळी ग्लेनने कॅलेंडरवर स्वतः लिहिलीय आणि मला खोडता येऊ नये म्हणून कॅलेंडर त्याच्या घरी नेलंय.

तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुझ्यावर. रागाने फोन करशील तर मी उचलीन. ओरड. मी लिहून ठेवीन, म्हणजे तू ओरडलीस हे विसरणार नाही.

आणि एक. हेच पत्र तुला पुन्हा आलं तर हसू नकोस. टाकलं का नाही ते आठवलं नाही, तर मी पुन्हा लिहायला बसेन. दोन्हींत एकच मजकूर असेल. पण पुढच्यात कधी मी म्हटलं की तसं काही झालंच नव्हतं, वर्ना कड्यावर होती, तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. आज माझं डोकं जागेवर आहे. हे खरं.

अकरा वर्षं एकीने सही केली की दोघी आल्या असं धरायचं, असा आमचा नियम. इथे तसं धरू नकोस. इथे एकटीच आले आहे.

मॅक्सीन प्रुइट
मंगळवार, २० ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं